रिपोर्ट नॉर्मल, मुलगी आडवी

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलेल्या बायका पाहून नवख्याला वाटलं असतं, इथे पाणी पिण्याची पैज लागलीय. जिच्या हातात बघावं तिच्या हातात बाटली. मूत्राशय भरलेलं असल्याशिवाय पोटावरून आतलं नीट दिसत नाही, म्हणून पाणी प्यायचं आणि दम धरायचा. पण आत गेलेली बाई काही बाहेर येईना, आणि बाहेरच्या बायकांना बसवेना. कुणी भिंतीला टेकून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, कुणी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. इतक्या मनापासून ते तिने एरवी कधी घेतलं असेल, देव जाणे.

"आई, विचार ना गं किती वेळ आहे. फुटेन आता मी."

"हळू बोल. लोक बघतायत."

"लोकांचंही तेच चाललंय, आई."

शेजारची बाई फस्सकन हसली आणि लगेच ओठ आवळून बसली. हसणंसुद्धा परवडण्यासारखं नव्हतं.

मुलीला घरात सगळे सुतळी म्हणत. अंगाने बारीक, पण ओढली तर तुटायची नाही. बापाचं चष्म्याचं दुकान होतं, वर राहतं घर आणि खाली दुकान. काचा घासून फ्रेमच्या मापात बसवायचं काम सुतळीच करी. आई मागच्या टेबलावर बसून काड्या जोडायची. माणसं चांगली होती. देवाला भिणारी, गिऱ्हाइकाला न फसवणारी. अशाच घरातली ही गोष्ट आहे. वाईट घरातली असती, तर सांगायला सोपी गेली असती.

आईचं लक्ष सारखं दाराकडे होतं. घराजवळचा दवाखाना सोडून मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला आणलं होतं लेकीला, तरी कुणी ओळखीचं दिसलं तर? मघाशी डॉक्टरीणबाईंनी तपासताना विचारलं होतं, "दुखणं पाळीच्या दिवसांत वाढतं का?" सुतळीने तोंड उघडायच्या आत आईचं उत्तर तयार होतं, "नाही हो. तसलं काही नाही. जागरणं करते, पाणी पीत नाही, आणखी काय."

सुतळीने मान वळवून आईकडे पाहिलं होतं. आईने ते पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण पाहिलं नाही असं केलं होतं.

का, ते सांगायला हवं. मुलीच्या अंगाची गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही, हा त्या घराचा जुना नेम. आणि त्याला जोडून दुसरा, "पोरीचं दुखतंय? लग्न करून टाका, आपोआप थांबतं." हे कुणी पहिल्यांदा म्हटलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण पणजीने आजीला सांगितलं, आजीने आईला. आणि आता तर सुतळीला चांगलं स्थळ आलेलं होतं. मोठं किराणा दुकान, शिकलेला मुलगा, माणसं तोलामोलाची. अशा वेळी पाळी, गर्भाशय असले शब्द कुणाच्या कानावर गेले, तर झालंच की.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "यात काही आढळलं नाही. सोनोग्राफी नॉर्मल आहे. पण—"

"देव पावला!" आई उठली. पिशवीची चेन सर्रकन ओढलीसुद्धा.

"पण ऐका. मोठी गाठ, साचलेलं पाणी, असं काही असलं तर यात दिसतं. सगळीच दुखणी दिसतात असं नाही. दुखणं राहिलं, तर नॉर्मल आलंय म्हणून घरी बसू नका. पुढच्या तपासण्या असतात. आणि पाळीचा काही संबंध वाटला, तर मला नक्की सांगा."

"हो, हो," आई म्हणाली. तिचे पाय दारात होते. तिच्या कानांनी नॉर्मल एवढंच घरी आणलं. मागचं 'पण' तिथेच खुर्चीवर राहिलं.

घरी आत्या वाट बघत होत्या. सुतळीच्या बापाची थोरली बहीण. सासर जवळच, पण मुक्काम बहुतेक माहेरी. जीभ तिखट आणि हात सढळ. कुणाच्या घरी आजारपण निघालं तर मदतीला पहिल्या धावतील, आणि धावता धावता चार शब्द सुनावतीलही.

"काय म्हणाल्या डॉक्टरीण?"

"सगळं नॉर्मल."

"मी म्हटलं नव्हतं? आता मशीनच बोललं! मशीन काही आपल्या नात्यातलं नाही, खोटं कशाला बोलेल?"

त्या दिवसापासून नॉर्मल हा शब्द त्या घरात छडीसारखा वापरला जाऊ लागला. सुतळी काउंटरच्या आड गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसली, की आत्यांचा आवाज यायचा, "रिपोर्ट नॉर्मल, आणि मुलगी आडवी! वा!" जेवताना तिने ताट सरकवलं, की "नॉर्मल माणसं जेवतात हो." बाप हसायचा. आईही हसायची, पण तिचा हात जागच्या जागी राहायचा नाही. घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घडी घालायची, पुसलेला ओटा पुसायची. एकदा तर डाव्या काडीच्या जागी उजवी काडी लावून मोकळी झाली. गिऱ्हाईक चष्मा घालून म्हणालं, "बाई, हा चष्मा माझ्या कानावर बसायचा सोडून आभाळाकडे चाललाय!"

आईला आत काय टोचत होतं, ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

मग एके दिवशी दुपारी दुकानात एक मास्तर आले. तावातावाने म्हणाले, "गेल्या खेपेला तुमच्या भिंतीवरची सगळी अक्षरं धडाधड वाचली मी. तुम्हीच म्हणालात, नजर चांगली आहे. मग वाचायला बसलं की डोकं का ठणकतं? का मी उगाच सांगतोय?"

"उगाच कशाला सांगाल, मास्तर?" सुतळीचा बाप प्रेमाने म्हणाला. गिऱ्हाइकाशी तो नेहमी असाच बोलायचा. "भिंतीवरची पाटी लांबची नजर सांगते. जवळची कुठे तपासलीय अजून? एका तपासणीत नाही सापडलं, तर दुसरी करायची. दुखणं तुमचं खोटं कसं?"

मागे घासणीचं यंत्र चालू होतं, ते थांबलं. सुतळी पुढे आली. चेहरा पांढराफटक, एक हात काउंटरवर आणि दुसरा ओटीपोटावर.

"बाबा, पुन्हा एकदा म्हणा ना."

"काय?"

"आत्ता मास्तरांना म्हणालात ते. एकदा मला म्हणा."

मास्तर सभ्य गृहस्थ. त्यांनी खुंटीवरच्या फ्रेमा बघायला घेतल्या. बापाने चाचणीची फ्रेम हातात धरली ती धरलीच. आणि सुतळी तिथेच, काउंटरला धरून, हळूहळू खाली बसत गेली.

आई मागच्या टेबलावरून धावली. लेकीचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या कपाळावर गार घाम होता. आईला तो घाम ओळखीचा वाटला. स्वतःच्या कपाळावरचा.

"उद्या जायचं डॉक्टरांकडे," आई म्हणाली.

"मी एकटी जाते," सुतळी म्हणाली. "तू आलीस की माझं तू बोलतेस."

चापट बसली असती तरी बरं झालं असतं, इतकं ते खरं होतं. तरी आई गेलीच. पण या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा. मी आधी हिच्याशी बोलते."

बाहेर बसायचं कसलं? ती बसली, उठली, भिंतीवरचा तक्ता वाचला, पुन्हा बसली. दाराला कान लावावा असं फार वाटलं, तेवढं मात्र केलं नाही. आत माझी मुलगी काय सांगत असेल, या विचाराने ती आधी कासावीस झाली. मग तिच्या ध्यानात आलं, की आत जे काही सांगितलं जात असेल ते तिला सगळं ठाऊक आहे. शाळेत असल्यापासून दर महिन्याला अंथरुणात मुटकुळं करून पडणारी पोर, उलट्या, त्या दिवसांत शौचाला जातानाही दातांखाली दाबलेला ओढणीचा पदर. सगळं दिसत होतं. आईच्याच घरात, आईच्याच डोळ्यांदेखत. देह म्हणजे देवाचं देऊळ, असं आपण येता-जाता म्हणतो. मग त्या देवळाच्या गाभाऱ्याचं नाव घ्यायला आपली जीभ का अडखळते?

थोड्या वेळाने तिला आत बोलावलं.

"तुम्ही इथे असलेलं हिला चालणार आहे, म्हणून बोलावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिने सांगितलं त्यावरून मला एक शंका आहे. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तशाच पेशी काही बायकांत बाहेर वाढतात. अंडाशयावर, आतड्याजवळ. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्याचे पातळ डाग पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाहीत. म्हणजे तो रिपोर्ट चुकीचा नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता."

आईने मान खाली घातली.

"योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत जास्त जवळून दिसतं."

"अहो, लग्न व्हायचंय तिचं!" आईच्या तोंडून निघून गेलं.

"माहीत आहे. म्हणून तर तिलाच विचारलं."

"आणि मी आत्ता नको म्हणाले," सुतळी म्हणाली. "लोकांना भिऊन नाही, आई. मला नकोय म्हणून. एमआरआय करणार आहे मी."

"तेही चालतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातून न कळलं, तर दुर्बिणीतून आत पाहता येतं. ते छोटं ऑपरेशनच असतं, त्यामुळे गरज असेल तरच. दुखणं कमी करायची औषधं मात्र आजपासून. त्यासाठी रिपोर्टची वाट बघायला नको. आणि एक लक्षात ठेवा. अचानक एका बाजूला सहन न होणारी कळ आली, उलट्या लागल्या, चक्कर आली, ताप चढला, तर तारखेची वाट न बघता तडक निघून यायचं."

"डॉक्टर," आई म्हणाली, "लग्नाने थांबतं म्हणतात ते—"

"लग्न हे औषध नाही हो. असतं तर आम्ही लिहून नसतं दिलं?"

एमआरआयची तारीख मिळाली, आणि त्याच्या आदल्याच दिवशी मुलाकडची मंडळी बोलणी पक्की करायला येणार असा निरोप आला. आत्यांनी कमरेला पदर खोचला.

"तपासणी-बिपासणी पुढे ढकल, वहिनी. एकदा होकार पडू दे. मग तिचं ते बघतील."

"कोण बघतील, वन्सं?"

"सासरचे! मुलगी त्यांची झाल्यावर दुखणंही त्यांचंच की."

आत्या विनोदाने म्हणाल्या होत्या, पण आईला हसू आलं नाही. तिला त्या दिवसांत काहीच सुचेनासं झालं होतं. देवापुढे हात जोडून उभी राहायची आणि काय मागायचं तेच विसरायची. मुलीचं लग्न होऊ दे, मागावं? का मुलगी बरी होऊ दे? दोन्ही एकदम मागायची सोय आपणच का ठेवली नाही?

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि मुलाची आई. मुलाची आई ठसठशीत, बोलायला सडेतोड. दुकानातून वर येता येताच तिने दोन फ्रेमा बघून ठेवल्या होत्या. "जमलं तर चष्मा फुकट, नाही जमलं तर सवलतीत!" म्हणून तिने सगळ्यांना हसवलं. चहा झाला. सुतळी समोर बसली होती, औषध घेऊनही मुठी वळून. वळलेल्या मुठी फक्त आईला दिसत होत्या.

"आता एक विचारते, राग मानू नका," मुलाची आई म्हणाली. "मुलीला तब्येतीची काही तक्रार नाही ना? नंतर बोलायला नको."

"छे हो!" आत्या पुढे सरसावल्या. "आत्ताच तर सगळं तपासून घेतलंय. सोनोग्राफी केलीय, रिपोर्ट नॉर्मल! थांबा, दाखवतेच." आणि खरोखरच त्यांनी कपाटातून ते पाकीट काढलं. ज्या रिपोर्टावरून पोरीला नाटकी ठरवलं होतं, तोच आता तिच्या लग्नाचा दाखला व्हायला निघाला होता.

"वन्सं, ठेवा तो," आई म्हणाली.

"अगं, बघू देत ना!"

"ठेवा म्हणते ना. तो अर्धा आहे." आई उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली. "डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा मी खोटं सांगितलं. हिला पाळीच्या दिवसांत उभंसुद्धा राहवत नाही. शाळेत असल्यापासून. उद्या मोठी तपासणी आहे. काय निघेल ते मला ठाऊक नाही. ती होऊन हिचे उपचार मार्गी लागेपर्यंत आम्हाला बोलणी करायची नाहीत. आणि पुढे करायची की नाही, ते ही सांगेल."

पाळी हा शब्द त्या खोलीत, पुरुषांसमोर, पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. छप्पर काही कोसळलं नाही. मुलाचे वडील कपातल्या संपलेल्या चहाचा घोट घेत राहिले.

"काय बोलतेस तू हे, वहिनी!" आत्यांचा आवाज चिरकला. "सगळ्याच पोरींचं दुखतं! लग्न झालं की थांबतं. तुझं नाही थांबलं?"

"नव्हतं थांबलं, वन्सं," आई म्हणाली. "मी सांगायची थांबले होते."

आत्या पाकीट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून काढली, आणि हे तो आज ऐकत होता. तो उठला आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसला.

"फार दुखतंय का गं आत्ता?"

"हो, बाबा."

"मग आत जाऊन पड. इथे बसायची गरज नाही."

मुलाच्या आईने पर्स उचलली. "बरंय," ती म्हणाली. "कळवतो." अशा वेळच्या 'कळवतो'चा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. जिन्यावरून उतरताना तिने मघाच्या फ्रेमांकडे वळूनही पाहिलं नाही.

आत्या रुसून आपल्या घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "गावभर झालं आता. बसा पोरीला कुरवाळत." स्थळ हातचं गेल्याचं दुःख आईलाही झालं होतं. कुणी म्हणेल नाही झालं, तर ते खोटं. पण बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला नाही.

एमआरआयमध्ये ते दिसलं. अंडाशयामागे डाग होते, आणि एका जागी आतडं चिकटल्यासारखं झालेलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. एका दमात बरं होणारं हे दुखणं नाही, हेही सांगितलं. गोळ्या चालतील, ठराविक काळाने पुन्हा बघावं लागेल, लागलंच तर पुढे ऑपरेशन. एवढं ऐकून एखादी रडली असती. सुतळी रडलीही, पण रडता रडता हसत होती.

"आई, म्हणजे मी नाटकी नव्हते गं!"

आजाराचं नाव कळल्यावर कुणाला आनंद होतो का? ज्याला इतकी वर्षं कुणी खरं मानलं नाही, त्याला होतो.

गोळ्या लागू पडायला वेळ लागला. काही दिवस बरे, काही वाईट. वाईट दिवशी सुतळी "आज दुखतंय" असं सांगून वर जाऊन झोपायची, आणि काचा तिचा बाप घासायचा. त्याच्या घासलेल्या काचा फ्रेममध्ये बसायच्या नाहीत, हा नवा विनोद घरात सुरू झाला. आत्याही परतल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मी काही माफी-बिफी मागायला आलेली नाही," आणि गरम पाण्याची पिशवी भरून सुतळीच्या खोलीत गेल्या.

एका सकाळी दुकान उघडतंय तोच मुलाची आई पायरीवर उभी. एकटीच. आई टेबलामागून घाईने उठली.

"स्थळाचं बोलायला नाही आले," ती लगेच म्हणाली. काउंटरवरच्या फ्रेमा उचलून बघू लागली, ठेवू लागली. त्या दिवशीचा ठसका कुठे दिसत नव्हता. "आमची थोरली सून. लग्नाला बरीच वर्षं झाली. दर महिन्याला चार दिवस पडून असते. दोन सोनोग्राफ्या झाल्या, दोन्ही नॉर्मल. आम्ही तिला..." तिने हातातली फ्रेम खाली ठेवली. "घरात आम्ही तिला महाराणी म्हणतो. मीच ठेवलं ते नाव. त्या दिवशी तुमच्या घरून निघाल्यापासून ते माझ्या तोंडून निघत नाही."

आईने काउंटरची फळी उचलून तिला आत घेतलं, बसायला स्टूल दिलं.

"कुठल्या डॉक्टर त्या? तुम्ही याल का आमच्याबरोबर? मला मेलीला बोलायला जमायचं नाही. तुम्ही आत बसून सगळं नीट सांगा त्यांना."

"येईन की," आई म्हणाली. "आजच येते. पण आत मी बसायची नाही आणि तुम्हीही नाही. तिला बोलू द्यायचं."

"आणि ती बोललीच नाही तर? तिला सवय नाही हो बोलायची."

"मोडली कुणी ती सवय?"

मुलाची आई पदराने डोळे टिपून उठली. आईने चपला घातल्या, लेकीला दुकान सांभाळायला सांगितलं, आणि दोघी रस्त्याला लागल्या. महाराणीला घ्यायला आधी मुलाच्या घरी जायचं होतं. जाता जाता दोघींचं एकाच गोष्टीवर अडलं होतं. इतकी वर्षं जिला गप्प बसवलं, तिला आता 'सांग' म्हणायचं, तर कुठल्या तोंडाने?

"आधी तिचं नाव घेऊन हाक मारा," आई म्हणाली. "मग विचारा, कुठे दुखतं. आणि ती सांगेल ते उभ्या उभ्या ऐकू नका, शेजारी बसून ऐका."